कार्तिकातला वानवळा

दिवाळीचे आकाशकंदील उतरतात, तुळशीच्या लग्नासाठी ऊस, चिंच आणि आवळे बाजारात येतात. त्या सुमारास पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर आणि कोकणातल्या परसांत बागेची हौस असलेली माणसे एकमेकांना एकच प्रश्न विचारू लागतात : ‘वाल लागला का?’ मृगाच्या सरीवर लावलेला हा वेल श्रावणातच कठड्यावर चढलेला असतो. भाद्रपदात त्याने शेजारच्या खिडकीच्या जाळीचाही ताबा घेतलेला असतो. पानांचा भार एवढा, की मांडव वाकावा. पण फुलाचे नाव नाही. गणपती येतात, जातात. नवरात्र होते. मालक कंटाळून शेणखताची आणखी एक पाटी ओततो, वेल आणखी हिरवागार होतो आणि तरीही फुलत नाही. मग कोजागरी उलटल्यावर एखाद्या सकाळी पानांतून जांभळे किंवा पांढरे तुरे वर आलेले दिसतात आणि तीन-चार आठवड्यांत एवढ्या शेंगा लागतात, की चार माणसांच्या घराला त्या संपवता येत नाहीत. त्यानंतर सुरू होतो वानवळा.

वानवळा हा शब्द शहरात मागे पडला असला, तरी व्यवहार टिकून आहे. आपल्या शेतात किंवा परसात जे पहिल्यांदा पिकले, त्यातले थोडे शेजारी, आप्त आणि स्नेह्यांकडे पोचवणे म्हणजे वानवळा. तो विकत द्यायचा नसतो आणि त्याची तोलूनमापून परतफेडही करायची नसते. हेमंताच्या तोंडाशी, कार्तिक-मार्गशीर्षात, हा व्यवहार सर्वाधिक रंगात येतो, कारण पावसाळी वेलांचा शेवटचा बहर, जमिनीतले कंद आणि हिवाळी भाजीपाल्याचा पहिला तोडा हे तिन्ही याच दिवसांत एकत्र येतात. या सगळ्यात वालाचा मान पहिला. तो एवढा उशिरा का येतो, आणि अलीकडे शहरातल्या काही घरी तो येतच का नाही, याचे उत्तर मात्र खतात नाही आणि पाण्यातही नाही.

वाल, पावटा आणि घेवडा ही नावे महाराष्ट्रात इतकी सरमिसळ वापरली जातात, की रायगडचा माणूस आणि नगरचा माणूस एकाच वेलाकडे बोट दाखवून वाद घालू शकतात. रायगड-ठाण्यात तो वाल, देशावर कोवळ्या दाण्यांसाठी लावला तर पावटा, चपट्या शेंगा अख्ख्या खायच्या असल्या तर बहुतेक ठिकाणी घेवडा. विदर्भात त्याच्या शेंगांना पोपटाच्या शेंगा म्हणतात. सुरतेची पापडीही त्याच गोतातली. वनस्पतिशास्त्राच्या लेखी हे सारे एकच : लॅबलॅब पर्प्युरियस. (श्रावणघेवडा मात्र निराळा. तो राजम्याच्या कुळातला आणि त्याचे हे गाऱ्हाणे नाही.) या वनस्पतीचे बहुतेक जुने, गावठी वाण ‘लघुदिवसी’ आहेत. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय त्यांना फूल येत नाही.

वनस्पतींना दिवसाची लांबी कळते, हे शास्त्राला कळले त्याला शंभर वर्षांहून थोडा अधिक काळ झाला. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अलार्ड हे दोन संशोधक तंबाखूच्या ‘मेरीलँड मॅमथ’ नावाच्या वाणाने चकित झाले होते. हा तंबाखू उन्हाळ्यात माणसाच्या डोक्यावरून वाढत जाई, पण फुलत नसे. तोच हिवाळ्यात काचघरात आणून ठेवला, की फुले. सोयाबीनच्या एका वाणाची तऱ्हा आणखी विचित्र होती. तो काही आठवड्यांच्या अंतराने वेगवेगळ्या वेळी पेरला, तरी फुलायचा साधारण एकाच सुमारास. तापमान, ओलावा, खत असे सगळे संशयित तपासून झाल्यावर त्यांनी भर उन्हाळ्यात काही रोपे दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवायला सुरुवात केली. बाहेरची रोपे तशीच राहिली, आतली फुलली. १९२० साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि ‘प्रकाशकालावधी’ ही संकल्पना शेतीशास्त्रात रूढ झाली.

त्यांचे प्रयोग झाले ते वॉशिंग्टनच्या परिसरात. तिथे सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत साडेपाच तासांचे अंतर पडते. पुण्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमधला सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा आणि तोही सहा महिन्यांत विभागलेला. माणसाला संध्याकाळी ‘लवकर अंधारून येतंय’ एवढेच जाणवते. वालाला मात्र तेवढा फरक पुरतो.

यातून परसबागेच्या दृष्टीने एक उपयोगी गोष्ट निघते. जूनमध्ये लावलेला वेल आणि ऑगस्टमध्ये लावलेला वेल यांच्या फुलोऱ्यात दोन महिन्यांचे अंतर पडत नाही. दोघेही दिवस पुरेसा लहान होण्याची वाट पाहत थांबतात आणि जवळपास सोबतच फुलतात. फरक पडतो तो आकारात. ज्याच्याकडे मांडव आहे, आंब्याचे झाड आहे किंवा शेजाऱ्याची संमती आहे, त्याने मृगात लावावा. ज्याच्याकडे दोन कुंड्या आणि खिडकीची जाळी एवढाच संसार आहे, त्याने श्रावणापर्यंत खुशाल थांबावे. वेल आटोपशीर राहील आणि शेंगा त्याच सुमारास मिळतील. रायगड जिल्ह्यात भात कापल्यावर त्याच खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, तो तर गुडघ्याच्या वर फारसा जात नाही. उगवल्या दिवसापासूनच त्याला लहान दिवस मिळतात, त्यामुळे तो वाढण्यात वेळ न घालवता थेट फुलाकडे वळतो. जानेवारी-फेब्रुवारीत अलिबाग-पेणच्या शेतांतून ज्याची पोपटी लागते, तो हाच वाल. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, कुणाच्या आवडीप्रमाणे बटाटे, अंडी किंवा कोंबडी. पाण्याचा थेंब न घालता मडके उलटे ठेवायचे आणि भोवती पाचोळा पेटवायचा. पुण्याच्या गच्चीवर हा प्रयोग करून सोसायटीची नोटीस ओढवून घेऊ नये, हे खरे. पण पोपटीला बोलावले तर नाही म्हणू नये.

खताचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. वाल द्विदल कुळातला; त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मिळवून देतात. फुले येत नाहीत म्हणून घातलेले नत्रयुक्त खत पानांत जाते, आणि कोवळ्या, लुसलुशीत शेंड्यांवर मावा मात्र हमखास येतो. माव्यामागून मुंग्या येतात, कारण माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड रस त्यांना हवा असतो आणि त्या बदल्यात त्या त्याची राखणही करतात. पाण्याचा जोरदार फवारा, त्याने भागले नाही तर निंबोळी अर्क, आणि ठिपक्यांचे ढालकिडे दिसले तर काहीही न करणे, हा क्रम बहुतेक घरी पुरतो.

आता शहरातल्या रुसलेल्या वेलांविषयी. ‘लघुदिवसी’ हे नाव रूढ झाले खरे, पण ते थोडे चुकलेले आहे. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या एका तणावर प्रयोग करताना दाखवून दिले, की वनस्पती मोजते ती दिवसाची लांबी नव्हे, तर अखंड अंधाराची. लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटे दिवा लावला, तरी त्या रोपाच्या हिशेबाने रात्र मोडते आणि ते फुलत नाही. या मोजणीमागे असलेले ‘फायटोक्रोम’ हे रंगद्रव्य १९५९ मध्ये वेगळे करून दाखवण्यात आले. ते विशेषतः तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद देते, आणि घरातल्या-रस्त्यावरच्या दिव्यांत तो कमी-अधिक असतोच.

शेवंतीचे व्यावसायिक उत्पादक या ज्ञानाचा उपयोग रोज करतात. शेवंतीही लघुदिवसी. तिला हव्या त्या मुहूर्तावर फुलवायचे असेल, तर शेडमध्ये रात्री दिवे लावून तिला थोपवून धरतात आणि वेळ आली की दिवे बंद करतात. गच्चीवरच्या वालाच्या बाबतीत हाच प्रयोग महापालिका नकळत करीत असते. बाल्कनीसमोर रस्त्याचा दिवा, जिन्यात रात्रभर जळणारी ट्यूब, समोरच्या दुकानाची पाटी यांच्या उजेडात उभ्या असलेल्या वेलाची रात्र कधी पूर्ण होतच नाही. सोयाबीनच्या शेतात हे ठळक दिसते : सारे शेत पिवळे पडून काढणीला आलेले असते आणि रस्त्यावरच्या दिव्याखालचा तेवढा तुकडा हिरवा. वालाच्या बाबतीत बागवान मातीला, बियाण्याला आणि शेवटी स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

खात्री करून घेण्याचा उपाय सोपा आहे. वेलाची दिव्याकडची आणि भिंतीकडची बाजू यांची तुलना करावी. अंधाऱ्या बाजूला तुरे आणि उजेडाच्या बाजूला नुसती पाने असतील, तर रोग कळला. कुंडी असेल तर ती भाद्रपद संपता-संपता घराच्या मागच्या बाजूला हलवावी. हलवता येत नसेल, तर दिव्याच्या दिशेला गोणपाट किंवा जाड काळे कापड बांधावे. ते दिवेलागणीला सोडावे, सकाळी वर करावे आणि कळ्या दिसेपर्यंत रोज न चुकता करावे, कारण अधूनमधून मिळालेला अंधार कामाचा नाही. जिन्यातला दिवा माणूस आल्यावरच पेटेल अशी सोय अनेक इमारतींनी विजेच्या बिलासाठी करून घेतली आहे. वालालाही ती मानवते. चंद्राच्या उजेडाची मात्र काळजी नको. तो दिव्याच्या मानाने फारच क्षीण असतो, म्हणून पौर्णिमेला वेल बिचकत नाही.

बियाण्याच्या दुकानात या अडचणीचे दुसरेच उत्तर मिळते. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘अर्का जय’ आणि ‘अर्का विजय’ यांसारखे झुडुपी वाण दिवसाच्या लांबीची पर्वा करीत नाहीत. कधीही लावा, ठरलेल्या दिवसांत ते फुलतात, मांडव लागत नाही. ज्यांच्या बाल्कनीला रात्रभर उजेडातून सुटका नाही, त्यांनी हेच लावावेत. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. शेतकऱ्याला तर बारमाही बाजारासाठी असे वाण हवेच असतात. पण कुंपणावरचा गावठी वेल एकदा फुलला की महिनोन्‌महिने तोडे देत राहतो आणि त्याच्या दाण्याला, शेंगेला घरोघरी वेगळी चव असते. जांभळ्या कडेची शेंग, चपटी पांढरी, आखूड आणि दाणेदार, बोटाएवढी लांब अशी ही विविधता कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती टिकली आहे ती घराघरांतल्या डब्यांत, आणि डबा रिकामा व्हायला एक वर्ष पुरते. वेल फुललाच नाही, म्हणून त्या साली बी धरले नाही. मागच्या सालचे भुंग्यांनी पोखरले. पुढच्या मृगात पुडी विकत आणली. एका घरापुरता एक वाण संपतो तो असा, आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे हे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांचे काम या संदर्भात पाहण्यासारखे आहे. शाळेची पायरी न चढलेल्या या आदिवासी शेतकरी महिलेने आपल्या परसातून आणि आसपासच्या गावांतून गावठी बियाणे गोळा करायला सुरुवात केली. ‘बाएफ’ या संस्थेच्या साहाय्याने त्यातून बियाणे बँक उभी राहिली आणि वाल-घेवड्याचे अनेक वाण तिथे जपले गेले. २०२० सालच्या पद्मश्रीने त्यांचे नाव देशभर पोचले. बँक हा शब्द इथे अगदी नेमका आहे : बी न्यायचे आणि हंगामानंतर त्याहून जास्त परत आणून द्यायचे. कुणा एका घरचे बी दगा देईल, पण दहा घरी गेलेले बी एकाच साली सगळीकडे दगा देत नाही.

शहरातल्या वानवळ्यातही म्हणून शेंगांबरोबर बी गेले पाहिजे. त्याला कायद्याची आडकाठी नाही. वनस्पतींच्या वाणांच्या संरक्षणाचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा जो कायदा २००१ साली झाला, त्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेखाली विकता येत नाही, एवढीच अट.

मात्र कोणते बी द्यावे, याला तारतम्य हवे. वालाचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे शेजारी दुसरा वेल असला तरी बी बरेचसे शुद्ध राहते. टोमॅटो आणि चवळी यांचेही तसेच. मिरची-वांग्यात थोडी सरमिसळ होते. काकडी, दुधी, भोपळा, दोडका, घोसाळे या वेलवर्गीयांचे परागीभवन मात्र मधमाश्यांच्या भरवशावर चालते आणि मधमाशी सोसायटीची हद्द पाळत नाही. दोडक्याच्या बियांतून दोडका आणि घोसाळे यांच्या मधलेच काहीतरी उगवल्याची तक्रार त्यातूनच येते. संकरित वाणाच्या पुडीतून आलेल्या फळाचे बी धरण्यातही अर्थ नाही. पुढची पिढी आईसारखी निघत नाही.

दुधीच्या बाबतीत ही बाब चवीपुरती राहत नाही. या कुळातल्या जंगली फळांत ‘कुकुरबिटासिन’ ही अतिशय कडू आणि विषारी द्रव्ये असतात. लागवडीच्या वाणांत ती नगण्य झालेली असली, तरी कडू वेलाशी संकर झालेल्या बियांतून ती परत येऊ शकतात आणि फळ दिसायला नेहमीसारखेच राहते. कडू दुधीचा रस पिऊन भारतात मृत्यू झाले आहेत. त्यानंतर २०११ च्या सुमारास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू लागलेला दुधी खाऊ-पिऊ नये, असा इशाराही दिला. वानवळ्यात आलेला, घरच्या बियांचा दुधी चिरल्यावर त्याचा तुकडा जिभेला लावून पाहावा आणि कडू लागताच थुंकून द्यावा. तो शिजवून, मीठ चोळून किंवा गूळ घालून सुधारत नाही. देणाऱ्याचा मान राखण्यासाठी खाण्याची ही वस्तू नव्हे.

कडू वालाची गोष्ट उलटी आहे. सुक्या वालातही अपायकारक घटक असतात, पण ते काढून टाकण्याची रीत आपल्या स्वयंपाकघरांनी केव्हाच बसवली आहे. भिजवणे, मोड आणणे, सोलणे, नीट शिजवणे हा बिरड्याचा सारा खटाटोप केवळ चवीसाठी नाही. डाळिंब्या सोलण्याला कंटाळलेल्यांना हे सांगायला हरकत नाही.

वाल वर लागत असताना जमिनीखालचा हंगामही उलगडत असतो. सुरणाची छत्री पिवळी पडून आडवी झाली, की कंद तयार झाला असे समजावे. हिरव्या छत्रीखाली उकरण्याची घाई करू नये. कोकण-गोव्यात कोनफळे, कणग्या आणि करांदे याच दिवसांत निघतात. त्यांतल्या करांद्याची मौज अशी, की त्याचे कंद वेलावर, पानांच्या बगलेत, हवेत लटकतात. सुटे होऊन गळू लागले की वेचायचे आणि मीठ घालून उकडायचे. हळदीला मात्र अजून अवकाश असतो. गणपतीत पातोळ्यांसाठी पाने दिलेल्या कुंडीतली हळद पाला पूर्ण वाळल्यावर, बहुधा संक्रांतीच्या पुढे-मागे काढावी. चातुर्मासात वांगे न खाणाऱ्या घरांत त्याचे पुनरागमन चंपाषष्ठीच्या भरताने होते, आणि आषाढ-श्रावणात लावलेली कुंडीतली रोपे तोवर भरात आलेली असतात. मेथी, मुळा, कोथिंबीर यांचे वाफे तर दर पंधरवड्याला थोडे थोडे पेरत राहावे. एकदम पेरले, तर एकदमच वाटावे लागते.

जागा नाही, ही सबब महाराष्ट्रात फार जणांनी खोटी पाडली आहे. श्रीपाद दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून एका कुटुंबाला दहा गुंठ्यांत पोटापुरते पिकवता येते, असा हिशेब मांडला आणि पालापाचोळ्यातून माती घडवण्याचे तंत्र घरोघरी नेले. मुंबई बंदरातल्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ पासून प्रीती पाटील यांनी तिथल्याच स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडे वाढवली. दाभोलकरांच्या कामाची खरी ताकद मात्र त्या मातीत जेवढी होती, तेवढीच एका प्रयोगकर्त्याचा अनुभव दुसऱ्याला विनासंकोच कळवण्याच्या प्रथेत होती.

बियाण्यासाठीच्या शेंगा मार्गशीर्षातच मुक्रर कराव्या लागतात. पहिल्या बहरातल्या, वेलाच्या मध्यभागाच्या, किडीने न टोचलेल्या दहा-पंधरा शेंगांना रंगीत दोरा बांधून ठेवावा. म्हणजे घरातले दुसरे कुणी भाजीसाठी त्या तोडणार नाही. शेवटच्या, मरगळलेल्या शेंगांचे बी धरणे हा नेहमीचा आळस, तो टाळावा. शेंगा वेलावरच खुळखुळ वाजेपर्यंत वाळू द्याव्यात, दाणे सोलून सावलीत आणखी आठवडाभर पसरावेत आणि चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत. बरणीवर वाणाचे वर्णन, कुणाकडून आला ते आणि वर्ष लिहावे. तीन वर्षांपेक्षा जुने बी वाटू नये, आणि आपल्याकडचे सगळे बी एकाच वर्षी पेरू नये.

दोरा न बांधलेल्या शेंगांची अखेरची मोठी तोडणी बहुतेक घरी भोगीच्या आदल्या संध्याकाळी होते. दुसऱ्या दिवशीच्या लेकुरवाळ्या भाजीत घेवडा, पावट्याचे दाणे, वांगी, गाजर, ओला हरभरा, बोरे आणि तिळाचे कूट लागते, आणि एकाच घरच्या बागेत यांतले सगळे कधीच नसते. त्यामुळे त्या संध्याकाळी इमारतीच्या जिन्यात वाट्या आणि पिशव्या खाली-वर जात असतात.